तिघे जिवलग मित्र, एक सोफा आणि तरीही कोरडा भाग

प्रश्न थोडक्यात असा: यूट्यूब वाहिनीसाठी तीन मराठी कलाकारांना एका सोफ्यावर बसवून तासाभराच्या गप्पा चित्रित केल्या. तिघे जुने मित्र, एकाच नाटकात बरीच वर्षं काम केलेले, त्यांतले एक ज्येष्ठ. पण एडिटला बसल्यावर भाग कोरडा वाटतो आहे. एक जण बोलत असताना बाकीचे दोघे पाणी पितात, नखं बघतात. उलट लंडनच्या ग्रॅहम नॉर्टनच्या टॉक शोमध्ये सोफ्यावर त्याच दिवशी ओळख झालेले हॉलिवूडवाले शाळासोबत्यांसारखे खिदळतात. ते सगळं आधी बसवलेलं असतं का? की वाइनची करामत? आणि झालेलं चित्रीकरण वाचवता येईल का?

आधी सोपं उत्तर. किस्से आधी निवडलेले असतात, हसणं निवडलेलं नसतं. वाइनचा वाटा थोडा, संपादनाचा बराच जास्त. आणि मैत्री? तुमच्या भागाचं नुकसान बहुधा मैत्रीनंच केलं आहे.

हे विचित्र वाटेल, पण विचार करा. टॉक शोमध्ये प्रेक्षक बोलणाऱ्याकडे जेवढा बघतो, तेवढाच ऐकणाऱ्याकडे बघतो. किस्सा ऐकताना दुसऱ्या पाहुण्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्यालाच आपण ‘केमिस्ट्री’ म्हणतो. आता तुमच्या तिघांनी एकमेकांचे सगळे किस्से बसमध्ये, मेकअप रूममध्ये, दौऱ्यांवर किमान वीस वेळा ऐकलेले आहेत. शेवट माहीत असलेल्या किश्शाला कुणी खरं दचकत नाही. मग दोनांपैकी एक होतं. ऐकणारा गप्प बसतो, नाहीतर पंच यायच्या आधीच हसू लागतो. शिवाय मित्र अर्ध्या वाक्यात बोलतात. ‘अरे, तो साताऱ्याचा प्रयोग!’ एवढ्यावर तिघे हसतात आणि प्रेक्षक दाराबाहेर उभा राहतो. अनोळखी माणसापुढे तोच किस्सा पहिल्यापासून, जागा दाखवत, नीट सांगावा लागतो. ते ऐकायला प्रेक्षकही आपोआप आत येतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करतो. स्टुडिओत समोर प्रेक्षक आहेत की नाहीत, पाहुणे प्रमोशनसाठी आलेत की नुसते गप्पांसाठी, तुमच्याकडे कॅमेरे किती, आणि तासभर दाखवण्यासाठी चित्रीकरण किती वेळ केलंत, यांवर अर्धं गणित फिरतं. खाली लिहिलेली मापं आणि वेळा दोन ते चार पाहुण्यांच्या, तीन किंवा अधिक कॅमेऱ्यांच्या कार्यक्रमाला धरून आहेत. एकाच पाहुण्याची मुलाखत असेल तर यातलं बरंचसं लागू नाही.

तुमच्या भागाच्या वर्णनावरून आणखी एक शंका येते. आपल्याकडे प्रकट मुलाखतीची परंपरा मोठी आहे. दोन खुर्च्या, मध्ये तिपाई, तिच्यावर पाण्याचा तांब्या किंवा हल्ली बाटली, आणि ‘बालपणापासून सुरुवात करू या’. एका माणसासाठी हा साचा उत्तम आहे. तुम्ही बहुतेक याच साच्यात तीन माणसं बसवलीत, म्हणजे एकापाठोपाठ तीन प्रकट मुलाखती झाल्या आणि प्रत्येक मुलाखतीला दोन कंटाळलेले साक्षीदार मिळाले. पाणी पितात ते त्यामुळेच. त्यांना त्या वेळात दुसरं काही काम दिलेलंच नाही.

पाहुणा कसा वागेल हे त्याच्या स्वभावापेक्षा तुम्ही त्याला काय काम दिलं आहे यावर जास्त ठरतं. वेगवेगळ्या कार्यक्रमांकडे या नजरेनं पाहा. अमेरिकेतल्या रात्रीच्या कार्यक्रमांत, जॉनी कार्सननं १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षं ज्या पद्धतीचा कार्यक्रम चालवला तिच्यात, टेबलामागे यजमान आणि शेजारी पाहुणा असतो. पाहुणे एकेक करून येतात, प्रत्येकाच्या वाट्याला मोजकी मिनिटं. तिथे पाहुण्याचं काम म्हणजे एकपात्री सादर करणं. ‘कॉफी विथ करण’ २००४ मध्ये सुरू झाला तेव्हापासून तिथे पाहुणे बहुतेक जोडीनं येतात आणि रॅपिड फायरमध्ये, म्हणजे झटपट प्रश्नोत्तरांत, बक्षिसाच्या हॅम्परसाठी एकमेकांशी भिडतात, म्हणजे त्यांना स्पर्धेचं काम दिलेलं आहे. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये २०१४ पासून पाहुणे बाजूला बसून प्रहसनं बघत आले. त्यांचं काम हसणं आणि स्वतःची टिंगल सोसणं. म्हणून तिथे अबोल कलाकारही वाईट दिसत नाही. नॉर्टनच्या सोफ्यावर पाहुण्याला दोन कामं असतात: आपले दोन-तीन किस्से सांगायचे आणि उरलेला सगळा वेळ इतरांचा प्रेक्षक व्हायचं. सगळे एकाच सोफ्यावर शेवटपर्यंत बसतात. शिवाय शेवटी ती लाल खुर्ची. प्रेक्षकांतला कुणीतरी तिच्यात बसून आपला किस्सा सांगतो आणि तो रटाळ निघाला की खटका ओढून त्याला मागे उलटवतात. वरवर हा पोरकट खेळ आहे, पण त्या पाच मिनिटांत ऑस्कर मिळालेला नट आणि नवखी गायिका एकाच बाजूचे परीक्षक होतात. सोफ्यावरची उतरंड तिथे मोडते.

२०२०च्या शरद ऋतूत साथीमुळे तो सोफा काढून पाहुण्यांना वेगवेगळ्या खुर्च्यांवर लांब-लांब बसवावं लागलं होतं. ते भाग शोधून बघा. यजमान तोच, पाहुण्यांचा दर्जा तोच, पण कुणी कुणाच्या दंडाला हात लावू शकत नाही, कुजबुजू शकत नाही. बोलणं पुन्हा यजमानाच्या दिशेनं एकेरी व्हायला लागतं. अंतराचा परिणाम शिकायला याहून चांगला धडा नाही.

म्हणून पहिली गोष्ट सोफ्याची. मऊ, खोल, घरगुती सोफा कधीही घेऊ नका. बसल्यावर माणूस बुडतो, गुडघे वर येतात, पोट दिसतं आणि कॉलर माइक शर्टाच्या घडीत जाऊन खरखरतो. शिवाय मागे रेललेला माणूस संभाषणातून बाहेर पडतो. बैठकीची उंची ४५ सेंटिमीटरच्या आसपास, खोली ५० ते ५५, फोम कडक. आकार सरळ नको. सरळ बाकावर टोकाच्या माणसाला दुसऱ्या टोकाचा दिसण्यासाठी वाकावं लागतं आणि पाच मिनिटांनी तो वाकायचं सोडून देतो. किंचित अर्धगोल किंवा इंग्रजी ‘एल’सारखी रचना करा, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचे डोळे दिसतात. तसा सोफा मिळाला नाही तर दोन छोटे सोफे साधारण १२० अंशांच्या कोनात लावा. दोन पाहुण्यांच्या मध्ये वीतभर जागा पुरे. यजमान पहिल्या पाहुण्यापासून सव्वा ते दीड मीटरवर. यजमान फार जवळ आला की बोलणारा फक्त त्याच्याशी बोलतो आणि बाकीच्यांकडे त्याची पाठ होते. समोरच्या तिपाईवर फुलदाणी ठेवू नका, ती नेमकी कुणाच्या तरी चेहऱ्यावर येते. आणि मॉनिटर पाहुण्यांच्या नजरेत येईल असा अजिबात ठेवू नका. कलाकाराला स्वतःचा चेहरा दिसला की तो शेजाऱ्याकडे बघत नाही. हा दोष नाही, पेशाची सवय आहे.

आता कोण कुठे बसणार. सगळ्यांत मोठं नाव यजमानाजवळ बसवतात, कारण त्याला वेळ कमी असतो आणि बहुतेक प्रश्न त्याच्याकडे जाणार असतात. पण सगळ्यांत चांगला किस्सेकार, शक्यतो विनोदी नट, अगदी दुसऱ्या टोकाला. यानं बोलणं सोफ्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे धावतं आणि मधले आपोआप त्यात ओढले जातात. किस्सेकार यजमानाशेजारी बसला की दोघांची जुगलबंदी सुरू होते आणि बाकीचे प्रेक्षकांत जमा होतात. बुजरा माणूस मध्ये बसवावा, टोकाला कधीच नाही. टोकावरचा बुजरा वीस मिनिटांत सोफ्याच्या हाताला टेकून नाहीसा होतो.

सगळ्यांत जास्त वेळ द्यायचा तो पूर्वतयारीला. चित्रीकरणाच्या दोन-तीन दिवस आधी प्रत्येक पाहुण्याशी फोनवर अर्धा-पाऊण तास बोला. हा फोन यजमानानं करायचा नाही, रिसर्च बघणाऱ्यानं करायचा. यजमानानं किस्सा आधी पूर्ण ऐकला तर सेटवर त्याचं आश्चर्य खोटं पडतं, आणि पाहुणाही ‘मी तुला सांगितलंच आहे’ म्हणून घाईनं सांगतो. फोनवर आठ-दहा किस्से गोळा करायचे, त्यांतले चार-पाच ठेवायचे. निवडीची कसोटी साधी आहे. किस्सा दीड मिनिटात संपतो का, त्यात सांगणाऱ्याची फजिती आहे का, आणि शेवटी एखादी ठोस वस्तू किंवा वाक्य हाती लागतं का? ‘त्या चित्रपटानं मला खूप शिकवलं’ हा किस्सा नव्हे. ‘घोड्यावर बसलो आणि घोडा माझ्या खुणेऐवजी दिग्दर्शकाच्या कट्‌ला पळाला’ हा किस्सा. स्वतःच्या फजितीचा किस्सा ऐकणाऱ्याला मोकळं करतो. दुसऱ्याच्या फजितीचा किस्सा ऐकणारा मनातल्या मनात हिशेब मांडतो की पुढचा नंबर आपला.

मग खरं काम. एक मोठा कागद घ्या, प्रत्येक पाहुण्याचा रकाना पाडा, किस्से एका-दोन शब्दांत लिहा: ‘घोडा’, ‘विग’, ‘चुकीची गाडी’, ‘आईचा फोन’. आता रकान्यांमध्ये आडव्या रेघा ओढा. एकाचा विग आणि दुसरीचा खोटा दात जुळतात. तिघांच्याही आयांनी टीव्हीवर बघून फोन केलेले आहेत. अशा किमान चार रेघा मिळाल्याशिवाय चित्रीकरणाला जाऊ नये, कारण सोफ्यावरचं संभाषण त्या रेघांवरून चालतं. यजमानाच्या हातातल्या कार्डावर सलग प्रश्न लिहू नका. एका कार्डावर एक शब्द आणि कंसात पुढे कुणाकडे वळायचं त्याचं नाव, बस्स. पहिला किस्सा संपता-संपता यजमानानं सांगणाऱ्याकडे न बघता पुढच्याकडे बघितलं तरी चेंडू तिकडे जातो.

तुमचे पाहुणे मित्र आहेत म्हणून एक पायरी जास्त लागेल. फोनवर प्रत्येकाला विचारा: बाकी दोघांना माहीत नसलेलं तुमच्याबाबत काय आहे? पहिल्यांदा सगळे ‘काहीच नाही’ म्हणतात. लहानपण, पहिली नोकरी, नाटकात येण्याआधीची वर्षं, बायकोचं किंवा नवऱ्याचं गाव, या दिशांनी खोदलं की दोन-तीन गोष्टी निघतात. नाटकाचे किस्से मुद्दाम बाजूला ठेवा. फार तर एक घ्या, तोही तिघांकडून तुकड्या-तुकड्यांनी. एकाच घटनेच्या तीन वेगळ्या आठवणी असतील तर भांडण छान रंगतं. एकाच चित्रपटाची अख्खी टीम बोलावणारे कार्यक्रम कंटाळवाणे का होतात तेही यात आलंच. चौघे एकच गोष्ट सांगायला आलेले असतात आणि चौघांना ती पाठ असते. शक्य असेल तर दोन मित्र आणि एक पूर्ण परका, वेगळ्या क्षेत्रातला, असं मिश्रण करा. नॉर्टनच्या कार्यक्रमात मिरियम मार्गोलिस या ज्येष्ठ इंग्लिश अभिनेत्रीशेजारी विल.आय.अ‍ॅम हा अमेरिकी रॅपर बसला होता. वय, देश, पेशा, बोलण्याची तऱ्हा, काहीच सामाईक नाही. ती त्याला निरागसपणे त्याच्या जगाबद्दल प्रश्न विचारत होती आणि तो अवाक होऊन उत्तरं देत होता. यजमानाला फार काही करावंच लागलं नाही. परक्या माणसाला खरे प्रश्न पडतात. मित्राला पडत नाहीत.

ग्रीन रूमचा नियम बहुतेक जण उलटा पाळतात. पाहुण्यांचं ‘ट्युनिंग’ व्हावं म्हणून त्यांना तासभर आधी एकत्र बसवून चहा-पोहे देतात. मग सगळे चांगले किस्से पोह्यांबरोबर संपतात आणि कॅमेऱ्यासमोर येतं ते ‘मघाशी मी म्हणालो तसं’. वेगवेगळ्या खोल्या द्या. एकत्र आणा ते शेवटच्या दहा मिनिटांत. नाव, काम, आणि एकमेकांबद्दल एक हलकी माहिती एवढंच पुरे. एवढ्यात अवघडलेपण जातं आणि मालमसाला शिल्लक राहतो.

आता आपल्याकडची अडचण, जी लंडनच्या सोफ्यावर नाही: मानपान. तुमच्या तिघांत एक ज्येष्ठ आहे असं तुम्ही लिहिलंय. बाकी दोघे त्यांना ‘सर’ म्हणतात. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’ पुरतं. मराठीत सोफ्यावर एकाच वेळी ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ बसलेले असतात. ज्येष्ठ बोलत असताना मध्ये बोलणं उद्धटपणा, त्यांची चूक काढणं त्याहून वाईट, आणि त्यांच्या विनोदाला न हसणं अशक्य. म्हणजे ऐकणाऱ्याचा चेहरा आधीच बांधला गेला. त्यात सुरुवातीला वाकून नमस्कार झाला की पुढचा अर्धा तास सत्काराचा कार्यक्रमच समजा.

यावर तीन उपाय चालतात. एक, नमस्कार-चमत्कार कॅमेरा सुरू होण्याआधी उरकून घ्या. दोन, पहिला किस्सा ज्येष्ठांचाच घ्या आणि तो त्यांच्या फजितीचा असू द्या. फोनवर तसा मागून घ्या. थोर लोक तो आनंदानं देतात, फक्त कुणी मागत नाही. त्यांनी स्वतःवर हसायची परवानगी दिली की धाकट्यांचे खांदे खाली येतात, अक्षरशः दिसतं ते. तीन, ज्येष्ठांना प्रश्न विचारणाऱ्याच्या भूमिकेत टाका. ‘सर, तुम्हाला हिच्याकडून काय जाणून घ्यायचंय?’ असं विचारलं की उतरंड उलटी होते आणि धाकटी व्यक्ती जाणकार ठरते. संबोधन मात्र सेटवर बदलायला लावू नका. जे रोज ‘दादा’ म्हणतात त्यांना कार्यक्रमासाठी नावानं हाक मारायला सांगितलं तर प्रत्येक वाक्याआधी ते अडखळतात. यजमानानं कुणाला ‘अहो’ आणि कुणाला ‘अरे’ म्हणायचं हे मात्र आधी ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. एका पाहुण्याला ‘तुम्ही’ आणि शेजारच्या समवयस्काला ‘तू’ गेलं तर कॉमेंटमध्ये नुसतं तेच उरतं.

भाषेचंही तसंच. हिंदी मालिकांत काम करणारे कलाकार भावनेच्या भरात हिंदीत किंवा इंग्रजीत जातात. जाऊ द्या. मध्येच ‘मराठीत सांगा ना’ म्हटलं की किस्सा मरतो. खाली ओळी देता येतात.

यजमानाचं वागणं म्हणजे मुख्यतः गप्प बसणं. किस्सा संपल्यावर दोन सेकंद काहीच बोलू नका, शेजारच्याला तोंड उघडायला तेवढी जागा लागते. नवखे यजमान ती जागा ‘वा, क्या बात है’ म्हणून स्वतः भरून टाकतात. दोन पाहुणे आपापसांत बोलू लागले तर यजमानानं मागे टेकावं, हातातली कार्डं मांडीवर ठेवावीत. कार्ड हातात असलं की पाहुण्याला वाटतं, पुढचा प्रश्न येतोय, आवरा. कुणी एक जण सगळा वेळ खातोय असं झालं तर त्याला तोडू नका, त्याच्याच वाक्यातला शब्द उचलून दुसऱ्याकडे न्या. ‘घोडा म्हणालात, यांना तर घोड्यानं टाकलंय.’ तरी थांबला नाही तर कॅमेरा थांबवून ‘माइक बघायचाय’ म्हणायचं आणि बसायची जागा बदलायची. माइकचा बहाणा जगभर चालतो.

शांततेला मात्र घाबरू नका. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये नॉर्टनच्या सोफ्यावर एडी रेडमेन, पॉल मेस्कल, डेन्झेल वॉशिंग्टन आणि सर्शा रोनन असे चौघे कलाकार होते. हल्ला झाला तर मोबाइल हत्यारासारखा कसा वापरायचा हे आपल्याला शिकवलं होतं, असं रेडमेन सांगत होता. ऐन वेळी असं कुणाला सुचणार, म्हणून सोफ्यावरचे पुरुष थट्टा करत होते. रोनननं मध्ये बोलायचा प्रयत्न केला आणि मग एका वाक्यात सांगितलं की मुलींना हा विचार सतत करावा लागतो. सोफा गप्प झाला, मग टाळ्या आल्या. तो क्षण पुढे जगभर फिरला. त्यात कुणाचं कुणाशी जमलं नव्हतं, उलट एक सूर मोडला होता. पण तिघांनी ते ऐकलं आणि कुणी लगेच विनोद करून झाकलं नाही. संपादकानंही ती शांतता कापली नाही. चांगला सोफा म्हणजे नुसती खिदळण्याची जागा असती तर ते वाक्य तिथे टिकलंच नसतं.

बिघडलेल्या भागांकडे पाहिलं तर पाहुण्यावर खापर फोडण्याची घाई होते. २००३ मध्ये ब्रिटिश मुलाखतकार मायकेल पार्किन्सनच्या कार्यक्रमात हॉलिवूडची अभिनेत्री मेग रायन तुटक उत्तरं देत राहिली. शेवटी त्यानं विचारलं की माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस, आणि ती म्हणाली की आटोपतं घेतलं असतं. अनेक वर्षं तिलाच दोष मिळाला. पुढे पार्किन्सननंच मान्य केलं की आपण तेव्हा चिडायला नको होतं. अवघडलेला पाहुणा समोर असताना प्रश्न टोकदार होत गेले तर तो आणखी मिटतो. अशा वेळी प्रश्न लहान, ठोस आणि निरुपद्रवी करायचे: आज सकाळी काय खाल्लं, पहिला पगार किती होता. २००९ मध्ये हॉलिवूडचा नट वाकीन फिनिक्स दाढी वाढवून, काळा चष्मा घालून अमेरिकी टॉक शोचा यजमान डेव्हिड लेटरमनकडे आला आणि जवळपास काहीच बोलला नाही. पुढे उघड झालं की तो एका नकली माहितीपटासाठीचा अभिनय होता. पण तो भाग आजही बघवतो तो लेटरमनमुळे. त्यानं समोर जे घडत होतं त्याचं नाव घेतलं आणि निरोप देताना म्हणाला की तुम्ही आज येऊ शकला नाहीत याचं वाईट वाटतं. पाहुणा थंड असेल तर सगळं छान चाललंय असं नाटक करू नका. प्रेक्षकाला ते दिसतच असतं.

उलटी चूकही असते, पाहुणा गरजेपेक्षा जास्त मोकळा होण्याची. जानेवारी २०१९ मध्ये ‘कॉफी विथ करण’मध्ये हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल आले, पंड्या स्त्रियांबद्दल वाटेल ते बोलला. क्रिकेट मंडळानं दोघांना निलंबित केलं, पुढे प्रत्येकी २० लाखांचा दंड झाला. दोन तरुण मित्र, खेळीमेळीचं वातावरण, बक्षिसाची चढाओढ. एकमेकांना हसवण्याच्या नादात समोर कॅमेरा आहे याचा विसर पडायला हा मसाला पुरतो. मोकळेपणा तुम्ही निर्माण केला असेल तर त्याची जबाबदारीही तुमचीच. म्हणून चित्रीकरण संपल्यावर प्रत्येकाला विचारायचं, ‘काही काढायचंय का?’ आणि जे वैयक्तिक इजा करणारं आहे ते काढायचं. पाहुण्यानं काढायला सांगितलेला मजेशीर भाग काढताना जीव तुटतो, पण तो माणूस परत येतो आणि चार जणांना सांगतो की इथे बोलायला हरकत नाही.

वाइनबद्दल विचारलंत म्हणून. नॉर्टनच्या पाहुण्यांपुढे हवं ते पेय असतं हे खरं, पण ग्लासाचा मोठा उपयोग हाताला काहीतरी धरायला मिळतं हा आहे. चहाचा कप तेच काम करतो. फक्त कप-बशी नको, बशी वाजते.

कॅमेरे. तीन पाहुण्यांसाठी किमान चार हवेत: एक सगळ्यांना धरणारा मास्टर, एक यजमानावर, दोन पाहुण्यांवर. यांतल्या एकानं सतत न बोलणाऱ्याला धरून राहायचं, ही शिस्त कॅमेरामनला आधी सांगून ठेवा, नाहीतर चारही कॅमेरे बोलणाऱ्याकडे वळतात. सगळे कॅमेरे स्वतंत्र रेकॉर्ड करा आणि माइकही प्रत्येकाचा वेगळ्या ट्रॅकवर. तासाच्या भागासाठी दीड ते पावणेदोन तास चित्रीकरण करा. पहिली पंधरा मिनिटं जवळपास टाकाऊ असतात हे गृहीत धरा, म्हणून चांगले किस्से त्यांत खर्चू नका. त्या वेळात प्रमोशनचे प्रश्न उरका. पीआरवाल्यांचं समाधान होतं, पाहुण्याची ठरलेली वाक्यं बाहेर पडून जातात आणि एडिटमध्ये त्यातलं पाऊण मिनिट ठेवून पुढे ढकलता येतं.

शेवटी तुमचं झालेलं चित्रीकरण. ते वाचेल, पण तासाचं वाचणार नाही. आधी बोलणाऱ्याचा आवाज बंद करून फक्त मास्टर बघा आणि ज्या-ज्या ठिकाणी किमान दोघांची शरीरं एकमेकांकडे वळलेली आहेत तिथे खूण करा. तासाभरात अशा बारा-पंधरा मिनिटांच्या जागा निघाव्यात. कणा तोच. त्यांच्या आगेमागे लागतील तेवढीच वाक्यं जोडा. बालपणाचा भाग सरळ काढा, किंवा तिघांची बालपणं एकमेकांत गुंफून तीन मिनिटांत बसवा. एका किश्शावरचं हसू उचलून दुसऱ्या किश्शावर लावायचा मोह होईल. लावू नका. ग्लासातल्या पाण्याची पातळी, दुपट्टा, हाताची घडी, काहीतरी पकडलं जातंच, आणि मराठी प्रेक्षक अशा बाबतीत फार चोखंदळ आहे. वीस-बावीस मिनिटांचा भाग तयार झाला तर तो तसाच टाका. आणि ज्येष्ठांना अर्ध्या दिवसासाठी पुन्हा बोलावता आलं, तर या वेळी त्या दोन मित्रांपैकी एकालाच बोलवा आणि तिसऱ्या जागेवर नाटकाशी काडीचाही संबंध नसलेलं कुणीतरी बसवा. एखादी कबड्डीपटू चालेल, सर्पमित्र चालेल. ज्येष्ठांना सापाबद्दल काय-काय विचारायचं असतं, हे तुम्हाला पहिल्या दहा मिनिटांत कळेल.